जुन्या ओबीएमखाली तेल दिसतंय? सील मागवण्याआधी हे तपासा

नाशिक जिल्ह्यातल्या दारणा धरणाच्या काठावरून प्रश्न आलाय. मच्छीमार मंडळींकडे ४० हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक ओबीएम, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवायचं इंजिन आहे, किनाऱ्यावरून सेकंडहँड आणलेलं. बोट ट्रॉलीवर ठेवली की सकाळी पंख्याखाली, म्हणजे प्रोपेलरखाली, काळपट तेलाचा डाग पडलेला असतो, आणि ऊन चढलं की पेट्रोलचा वास येतो. एक मेकॅनिक म्हणतो, सगळे सील गेले, गिअरकेस, म्हणजे पंख्याजवळचा गिअरचा डबा, खोलावी लागेल. दुसरा म्हणतो, टू-स्ट्रोक आहे, थोडं गळणारच. कुणाचं ऐकायचं?

दादा, तपासल्याशिवाय दोघांचंही ऐकू नका. डाग दिसला म्हणून सील गेले असं होत नाही, आणि डाग नाही म्हणून सील चांगले असंही होत नाही. जुन्या ओबीएममध्ये खरं नुकसान बाहेर पडणाऱ्या तेलाने कमी होतं, आत शिरणाऱ्या पाण्याने जास्त होतं. ते पाणी जमिनीवर कुठेच दिसत नाही, ते गिअरकेसच्या पोटात असतं. म्हणून डागापासून सुरुवात करू, पण तिथेच थांबायचं नाही.

आधी डाग कशाचा आहे ते ओळखा. इंजिन उभं असताना पंख्याखाली पांढरा पुठ्ठा किंवा जुनं कॅलेंडर उलटं करून रात्रभर ठेवा. सकाळी डाग बोटाने चोळा आणि वास घ्या. गिअर ऑइल, म्हणजे आपण दुकानात मागतो ते ९० नंबरचं, घट्ट आणि बुळबुळीत असतं, बोटाला चिकटून राहतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास असतो. एकदा तो वास ओळखला की पुन्हा चुकत नाही. दुसरा प्रकार पातळ, काळा, काजळी मिसळलेला. त्याला धुराचा आणि पेट्रोलचा वास येतो. ते न जळलेलं टू-टी ऑइल, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल. कागदावर आणखी एक फरक दिसतो. पेट्रोल असलेला थेंब पटकन पसरतो, मधला भाग वाळतो आणि कडेला तेलाचं कडं उरतं. गिअर ऑइलचा थेंब जिथे पडला तिथेच जाड डाग धरून बसतो.

तुमच्या वर्णनावरून मला तो डाग बराचसा दुसऱ्या प्रकारचा वाटतो. या मापाच्या बहुतेक इंजिनांत धूर पंख्याच्या मधल्या पोकळीतून पाण्याखाली सोडलेला असतो. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलबरोबरच जळतं आणि त्यातलं थोडं जळायचं राहून जातं. ते इंजिन आणि गिअरकेस यांच्या मधल्या खांबाच्या आतल्या भिंतींवर साचतं आणि इंजिन उभं राहिलं की पंख्याच्या पोकळीतून ओघळतं. जाळी टाकताना, काढताना तासन्‌तास मंद गतीवर इंजिन चालत असेल तर हे प्रमाण वाढतं, कारण मंद गतीवर जळण कधीच पूर्ण होत नाही. ही गळती नव्हे.

मात्र डाग रुपयाएवढा की ताटलीएवढा, हे बघाच. ताटलीएवढा असेल तर पेट्रोल आणि तेलाचं मिश्रण तपासा. इंजिनावरच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत ५० ला १ लिहिलं असेल तर लिटरला २० मिली, म्हणजे २० लिटरच्या टाकीला ४०० मिली तेल. अंदाजाने बाटलीतून ओतलं तर ते सहज दुप्पट होतं. काही जुनी इंजिनं खरोखरच २५ ला १ मागतात. तिथे कंजुषी केली तर पिस्टन धरेल, म्हणून पट्टी वाचल्याशिवाय प्रमाण कमी करू नका. आणखी एक कारण: समुद्रसपाटीवर जुळवलेला कार्बोरेटर कसारा घाट चढून आपल्याकडे, म्हणजे सुमारे ६०० मीटरवर आला की हवा विरळ असल्याने हवा-पेट्रोलचं मिश्रण किंचित जड होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त पडतं. त्याचा वाटा लहान असतो, पण डागात असतो.

आता गिअरकेस. सर्वात जास्त वेळ इथे द्या.

इंजिन सरळ उभं करून रात्रभर अजिबात हलवू नका. सकाळी खालचा ड्रेन स्क्रू अगदी अर्धा-पाऊण आटा ढिला करा, पूर्ण काढू नका, आणि पहिले थेंब पारदर्शक भांड्यात घ्या. पाणी तेलापेक्षा जड असतं, रात्रभरात ते तळाशी बसतं. आत मोकळं पाणी असेल तर तेलाआधी पाणीच येईल. मग वरचा लेव्हल स्क्रू काढून सगळं तेल भांड्यात उतरवा. चांगलं तेल पारदर्शक मधाळ किंवा हिरवट-निळसर दिसतं, वापराने काळवंडतं, पण पलीकडचं थोडंतरी दिसतं. पाणी घुसळलं गेलं असेल तर तेल दुधाच्या चहासारखं दिसतं. असं तेल दिसलं की बाहेर एक थेंबही गळत नसला तरी सील गेलेलं आहे, हे धरून चला.

हे पाणी आत शिरतं कसं? इंजिन चालताना गिअरकेस तापते, आतली हवा आणि तेल फुगतं. इंजिन बंद केलं की भोवतीच्या धरणाच्या गार पाण्याने ती पटकन थंड होते. आतली हवा आकसते आणि आत ओढ तयार होते. सीलची कड कडक झालेली किंवा कापलेली असेल तर पाणी तिथून आत खेचलं जातं. चालताना तेल बाहेर येत नाही आणि बंद केल्यावर पाणी आत जातं, असं इंजिन जमिनीवर वर्षभर कोरडं दिसू शकतं. मग एक दिवस बेअरिंग गंजून, गिअरचे दात खाऊन बंद पडतं. आपल्याकडे हिवाळ्यात आणखी फसगत होते. निफाडकडे पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो तेव्हा ९० नंबरचं तेल इतकं घट्ट होतं की बारीक गळती आपोआप थांबते. माणूस निश्चिंत होतो आणि मार्च-एप्रिलमध्ये डाग परत येतो.

काढलेलं तेल मोजून घ्या. पुस्तिकेत गिअरकेसची क्षमता मिलीलिटरमध्ये दिलेली असते. या मापाच्या इंजिनात ती अर्ध्या लिटरच्या आतबाहेर असते. निघालेलं तेल बरंच कमी आणि स्वच्छ असेल तर तेल बाहेर गेलं आहे किंवा मागच्या वेळी अर्धवट भरलं होतं. निघालेलं तेल दुधाळ आणि जास्त असेल तर पाणी आत आलं आहे. ड्रेन स्क्रूच्या टोकाला चुंबक असेल तर तेही पाहा. करडी, मऊ, लेपासारखी भुकटी म्हणजे नेहमीची झीज. बोटाला टोचणारे तुकडे किंवा चकचकीत पातळ पापड्या आल्या तर सीलचा विचार बाजूला ठेवा, आधी गिअर आणि बेअरिंग पाहावं लागेल.

दुधाळ तेल दिसलं की लगेच सगळे सील मागवणं ही पैशाची नासाडी आहे. पाणी आत येण्याचे रस्ते ठरलेले आहेत, आणि त्यातला सर्वात स्वस्त रस्ता म्हणजे ड्रेन आणि लेव्हल स्क्रूखालचे वॉशर. ते दर वेळी नवे घालायचे असतात. जुनाच चेपलेला वॉशर पुन्हा बसवला की तिथून पाणी शिरतं, आणि दोष मात्र शाफ्टच्या सीलवर जातो. आधी ते दोन वॉशर बदला, नवं तेल भरा, दोन-तीन दिवस इंजिन वापरा आणि पुन्हा खालचा स्क्रू ढिला करून पाहा. तेल नेहमी खालच्या भोकातून वर भरायचं, वरच्या भोकातून सलग तेल येईपर्यंत. मग आधी वरचा स्क्रू लावायचा, नंतर खालची नळी काढून झटपट खालचा. वरून ओतलं तर आत हवेचा कप्पा राहतो.

पुढचा संशयित पंख्याचा शाफ्ट, आणि धरणात तिथला गुन्हेगार बहुतेकदा तंगूस असतो. नायलॉनची तुटलेली जाळी, गळाचा दोरा पंख्यात गुंततो, फिरत फिरत मागच्या वॉशरच्या आड जातो आणि सीलची कड कापतो. पंखा काढून शाफ्टवर दोऱ्याचे वेढे आहेत का पाहायचं काम दहा मिनिटांचं आहे. मासेमारीच्या बोटीवर ते महिन्यातून एकदा व्हायलाच हवं. दोरा सापडला तर तो काढून खूश होऊ नका; सीलवर त्याने काय केलंय ते दाबाच्या चाचणीतच कळेल.

ती चाचणी अशी. तेल पूर्ण काढा, खालचा स्क्रू नव्या वॉशरसह घट्ट लावा. वरच्या भोकात त्याच आट्याचा निपल बसवा. सातपूर किंवा अंबडच्या एमआयडीसीत कोणताही लेथवाला तो बनवून देईल. त्याला गेज असलेला सायकलचा हातपंप जोडा. टायरच्या दुकानातला कॉम्प्रेसर थेट लावू नका, त्याचा दाब चांगलं सीलही जागेवरून उडवतो. आधी फक्त ३ ते ५ पीएसआय भरा आणि थांबा. हे महत्त्वाचं आहे, कारण काही सील जास्त दाबाला शाफ्टला घट्ट चिकटतात आणि कमी दाबालाच गळतात. सुई स्थिर राहिली तर दाब १४-१५ पीएसआयपर्यंत न्या, त्यापुढे नाही. आता पंख्याचा शाफ्ट हाताने फिरवा, आडवा किंचित हलवा, गिअरचा दांडा पुढे-मागे करा, उभा शाफ्टही फिरवा. फिरवताना तो घड्याळाच्या दिशेनेच फिरवा. उलटा फिरवला तर पाणीपंपातल्या इम्पेलरच्या पाकळ्या मुडपतात. सुई काही मिनिटं जागेवर राहायला हवी. उतरत असेल तर खालचा भाग पाण्याच्या टबात बुडवा किंवा साबणाचं पाणी लावा, बुडबुडे जागा दाखवतील: पंख्याच्या शाफ्टभोवती, मागच्या गोल हाउसिंगच्या ओ-रिंगपाशी, गिअरच्या दांड्याशी, पाणीपंपाखाली उभ्या शाफ्टपाशी, नाहीतर एखाद्या बारीक चिरेतून. दगडावर आपटलेल्या गिअरकेसला खालच्या पात्याच्या मुळाशी अशी चीर असते आणि रंगाखाली ती दिसत नाही.

इथे बरेच मेकॅनिक थांबतात, पण अर्धंच काम झालेलं असतं. पंख्याच्या शाफ्टवर बहुतेकदा दोन सील पाठीला पाठ लावून असतात. एक तेल आत ठेवतं, दुसरं पाणी बाहेर ठेवतं. आतून हवा भरली की आपण मुख्यतः पहिल्याची परीक्षा घेतो. दुसऱ्यासाठी आतून हवा ओढावी लागते. चारचाकीच्या गॅरेजमध्ये ब्रेकमधली हवा काढायला हाताचा व्हॅक्यूम पंप असतो, तोच चालतो. हवा भरल्यावर पास झालेलं इंजिन हवा ओढल्यावर नापास होतं, आणि दुधाळ तेलाचं कोडं तिथे सुटतं.

सील बदलायचं ठरलं तर जुन्या सीलवरचे आकडे वाचा. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मिलीमीटरमध्ये छापलेली असते. त्या मापाचं सील शहरातल्या बेअरिंगच्या दुकानात मिळेलही, पण साध्या सीलमधली स्प्रिंग लोखंडी असते, ती पाण्यात गंजते आणि सील सैल पडतं. स्टेनलेस स्प्रिंगचंच मागा, शक्यतो कंपनीचंच घ्या. काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, कोणत्या सीलची कड कुठल्या बाजूला होती ते लक्षात राहील. आणि शाफ्टवर नख फिरवा. जुन्या सीलने खाच पाडली असेल आणि नख अडकत असेल, तर त्याच जागी बसवलेलं नवं सीलही गळणार. जागा असेल तर सील खाचेच्या किंचित पुढे-मागे बसवता येतं. नसेल तर शाफ्टवर पातळ स्लीव्ह चढवावी लागते किंवा शाफ्ट बदलावा लागतो. सेकंडहँड, खाऱ्या पाण्यात चाललेल्या इंजिनात ही खाच अगदी नेहमी सापडते.

आता पेट्रोलच्या वासाकडे येऊ. क्रमाने हे नंतर लिहितोय, पण करायचं सगळ्यात आधी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती उडून जात नाही, बोटीच्या तळाशी साठते. बॅटरीच्या वायरची एक ठिणगी पुरते. वास येत असताना बोटीत बिडी-सिगारेट नको, स्टार्टर मारायचा नाही, आणि शोध दिवसाउजेडी, मोकळ्या हवेत घ्यायचा.

ऊन चढल्यावरच वास येतो, हा तुमच्या प्रश्नातला सर्वात उपयोगी धागा आहे. झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद असलेली टाकी एप्रिल-मेच्या नाशिकच्या उन्हात तापली की आत दाब तयार होतो. तो दाब पाइपमधून पेट्रोल ढकलत कार्बोरेटरपर्यंत नेतो. तिथली नीडल, म्हणजे पेट्रोल अडवणारी सुई, झिजलेली असेल तर पेट्रोल तिला ढकलून ओसंडतं, थोडं इंजिनच्या पोटात, थोडं काउलिंगच्या, म्हणजे इंजिनाच्या झाकणाच्या, खाली. वापर संपला की पाइप इंजिनापासून काढून ठेवा आणि टाकी सावलीत ठेवा. एवढ्याने वास गेला तर दोष नीडलचा किंवा तिला वर-खाली करणाऱ्या फ्लोटचा आहे हे जवळपास नक्की.

मग पाइप परत जोडा, काउलिंग काढा, सगळं पुसून कोरडं करा आणि पेट्रोलच्या पाइपवरचा रबरी बल्ब हाताने दाबून कडक करा. दहा मिनिटं पाहा. पाइपच्या दोन्ही टोकांच्या कनेक्टरमधल्या ओ-रिंग, क्लिप, फिल्टरची वाटी, फ्युएल पंपाच्या कडा, कार्बोरेटरच्या वाटीचं पॅकिंग या एकेक जागी टिश्यू टेकवा. ओला झाला ती जागा. कुठेच ओलं नाही, पण बल्ब मऊ पडला किंवा कार्बोरेटरच्या तोंडातून थेंब आला, तर नीडल आणि फ्लोट. बाहेर काहीच नाही आणि तरी प्लग सतत ओला, धूर दाट, चालू इंजिनात बल्ब दाबला की इंजिन गुदमरतं, असं असेल तर फ्युएल पंपाचा पडदा फाटला असण्याची शक्यता मोठी. त्या पडद्याच्या एका बाजूला क्रँककेसचा दाब असतो, त्यामुळे फाटला की कच्चं पेट्रोल थेट इंजिनात ओढलं जातं. ते न जळता पंख्यातून बाहेर पडतं आणि तुमच्या पुठ्ठ्यावरचा काळा डाग वाढवतं. खालच्या डागाचं मूळ असं वरच्या अंगाला निघू शकतं.

जुने पाइप आणि पडदे एकदम सगळे बदला, असंही मी सांगेन. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं. ते फुगतं, मऊ पडतं किंवा तडकतं. शिवाय इथेनॉल पाणी शोषतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाण्याचा थर टाकीच्या तळाशी वेगळा होतो, टू-टी ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं, आणि इंजिन तळातून तेलाशिवायचा थर ओढतं. पावसाळ्यात महिनाभर पडून राहिलेलं मिश्रण म्हणूनच वापरू नये.

क्रँकच्या दोन सीलकडे दुर्लक्ष होतं. वरचं सील फ्लायव्हीलच्या खाली असतं. ते गेलं की फ्लायव्हीलखाली तेलकट फवारा उडालेला दिसतो. खालचं गेलं तर मिश्रण मधल्या खांबात उतरतं आणि पंख्याकडून बाहेर येतं, म्हणजे पुन्हा तोच काळा डाग. पण इथे डागापेक्षा मोठा धोका उलट्या दिशेचा आहे. सीलमधून हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं (पेट्रोल कमी पडतं), मंद गतीवर इंजिनाचा आवाज वर-खाली होतो, आणि पूर्ण गतीवर पिस्टन तापून सिलेंडरला धरतो. मंद गती स्थिर राहत नसेल आणि कार्बोरेटर साफ करूनही फरक पडत नसेल, तर पाण्यात लांब नेऊ नका.

पाण्याच्या गळतीबद्दल थोडक्यात. मागच्या लहान भोकातून चालू इंजिनात पाणी आणि धूर येणं नेहमीचं आहे, इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची पिचकारी सतत आणि जोरात असली पाहिजे. थर्मोस्टॅटच्या झाकणाभोवती किंवा सिलेंडर हेडच्या सांध्यावर पांढरी भुकटी दिसली तर तिथून पाणी झिरपतंय. किनाऱ्यावरून आलेल्या इंजिनात मीठ ॲल्युमिनियम खातं. तपासणीसाठी इंजिन ड्रमातल्या पाण्यात चालवा. कोरडं काही सेकंदही चालवू नका, पाणीपंपाचा रबरी इम्पेलर पाण्यावाचून लगेच जळतो. इंजिन वर-खाली करणारा हायड्रॉलिक असेल तर त्याचं पातळ तेल ब्रॅकेटपाशी, पंख्यापासून बरंच वर दिसतं, त्याचा घोळ होत नाही.

तुम्ही या क्रमाने जा. आज टाकी वेगळी करा आणि वासाचा निकाल लावा. आज रात्री पुठ्ठा ठेवा, सकाळी खालचा स्क्रू ढिला करा. तेल स्वच्छ निघालं आणि डाग काळा-पातळ असेल, तर गिअरकेस अजिबात उघडू नका. वॉशर आणि तेल बदला, मिश्रण मोजून करा, फ्युएल पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरची नीडल पाहा. तेल दुधाळ निघालं तर आधी वॉशर, मग तंगूस, मग दोन्ही चाचण्या, आणि ज्या जागी बुडबुडा दिसेल तेवढंच सील. चाचण्या होईपर्यंत दुधाळ तेलावर इंजिन चालवू नका आणि तसंच ठेवूनही देऊ नका. निदान स्वस्तातलं का होईना, ताजं ९० नंबरचं तेल भरून ठेवा, म्हणजे बेअरिंग पाण्यात बसणार नाहीत. हे सगळं मेअखेर उरका. गोदावरीला पूर आला की गावोगावच्या बोटी मदतीला काढाव्या लागतात, २०१९ च्या ऑगस्टमध्ये आपण ते पाहिलंय, आणि त्या दिवशी गिअरमध्ये न पडणारं इंजिन कुणाच्याच कामाचं नसतं.

काढलेलं तेल काठावर ओतू नका. गंगापूर आणि दारणा या दोन्ही धरणांच्या पाण्यावर पिण्याच्या योजना आहेत, आणि चमचाभर तेलाचा तवंगही पाण्यावर लांबवर पसरतो. झाकणाच्या कॅनमध्ये साठवा. मोठ्या गॅरेजमध्ये जुन्या ऑइलचे ड्रम उचलायला गाडी येते, तिथे द्या.